आडवं बोलणारा माणूस

दिनकरराव, माणूस गेला म्हणून त्याचं म्हणणं बरोबर ठरत नाही, हे आधीच सांगून ठेवते. संस्थेत सध्या सगळ्यांचा तसा समज झालेला दिसतोय. शोकसभेत ज्यांनी तुमचा एक अहवाल धड शेवटपर्यंत वाचला नाही, तेही उठून "सरांचे विचार" म्हणत होते. मी पहिल्या रांगेत मूग गिळून बसले होते. तुम्ही असतात तर मागून काहीतरी पुटपुटला असतात आणि मला हसू दाबत बसावं लागलं असतं.

मी त्या सभेत बोलले नाही. संचालकांनी पुन्हा पुन्हा विचारलं. इतकी वर्षं एका खोलीत बसलात, एक वर्ग दोघांनी मिळून शिकवलात, तुम्ही नाही बोलणार तर कोण बोलणार, म्हणाले. पण तुमच्याबद्दल बोलायची मला सवयच नाही. मला सवय आहे तुमच्याशी बोलायची, तीही आवाज चढवून. म्हणून हे तुम्हालाच लिहितेय.

आपली खोली तशीच आहे. सरकार धोरणं कशी ठरवतं आणि ती शेवटी कुणाच्या अंगावर येतात हे शिकवणारी आपली संस्था, नसरापूरपासून थोडं आत माळावर बांधलेली, आणि तिच्यातली ही सगळ्यात कोंदट खोली. समोरासमोर दोन टेबलं. तुमच्या खुर्चीवर आता येणारा-जाणारा फायली टेकवतो. मी त्या उचलून खिडकीत ठेवते. भोरहून येताना एसटीत बसल्या बसल्या मी कालच्या भांडणात राहून गेलेले मुद्दे जुळवत यायची. अजून जुळवते. कापूरहोळ मागे पडेपर्यंत एखादा चांगला मुद्दा सापडतो आणि मग आठवतं. माझं घर आई गेल्यापासून रिकामंच आहे, त्याचं मला काही वाटत नाही. ही खोली रिकामी असायची सवय मात्र लागत नाहीये.

आपल्या कामाची रीत नव्या लोकांना विचित्र वाटायची, आणि ती रीत पडली कशी हे आता मला एकटीलाच माहीत आहे. ज्या गावात अभ्यास केला त्या गावात परत जायचं आणि छापण्याआधी अहवाल सगळ्यांपुढे मोठ्यानं वाचायचा, हा तुमचा नियम. पहिल्यांदा वाचला तो पानशेतच्या वरच्या अंगाला, पाण्याच्या टाकीचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. "झ्याक लिवलंय," म्हणाले. जेवू घातलं, नारळ दिला. आपण खुशीत एसटीत चढलो, तर एक बाई खिडकीपाशी आली आणि मला हळूच म्हणाली, "ताई, टाकी तिथं नका सांगू बांदायला. तिथनं आमच्या आळीला पानी चडायचं न्हाई."

मी म्हटलं, अहो मग मघाशी का नाही बोललात?

"तुमी पावनी. घरी आलेल्या पावन्याला चुकलं म्हनून कसं सांगायचं?"

तुम्ही घंटी मारून उतरलात, आणि मला न विचारता माझी पिशवीही उतरवलीत. ती त्या दिवसाची शेवटची गाडी होती. धरणापर्यंतच्या रस्त्यात मी तुम्हाला जे काही बोलले ते सगळं तुम्ही ऐकून घेतलंत, आणि मध्येच म्हणालात, "बाई, आपली चूक आकड्यात न्हाई. आपन पावने हाओत, ही चूक हाय." वर्गात तुम्ही छान शुद्ध बोलायचात, पण डोकं चालायला लागलं की आपल्या वेल्ह्याच्या बोलीवर जायचात. धरणावरच्या हॉटेलात चहा पिताना उपायही तुम्हीच काढलात. एकानं अहवाल वाचायचा आणि दुसऱ्यानं लोकांत जाऊन बसायचं, आणि वाचणाऱ्याला आडवं बोलायचं. पाहुण्याला नाही म्हणायला लोक लाजतात. पण एका पाहुण्यानं दुसऱ्या पाहुण्याची खोडी काढली की बाकीच्यांची भीड चेपते.

तेव्हापासून तेच. मी वाचायला उभी राहिले की तुम्ही घोंगडीवर मांडी घालून म्हाताऱ्यांच्या मधोमध, आणि माझं पहिलं पान संपायच्या आत, "ह्या बाईंस्नी काय कळतंय, पुन्याच्या हायती." मी भोरची आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. तरी दर वेळी माझ्या शेपटावर पाय पडायचाच, मी दर वेळी "मी भोरची आहे" म्हणून ओरडायची, आणि लोक हसायचे. हसले की बोलायला लागायचे. तुम्ही वाचायला उभे राहिलात की मी बायकांत बसून विचारायची, "ह्यांना विचारा, शेवटचं भात कधी लावलंय?" तुम्ही ऐकूच न आल्यासारखं करायचात. पण आपले अहवाल त्या दंग्यात सुधारले. अर्ध्याहून अधिक शिफारशी गावांनी खोडल्या, आणि ज्या उरल्या त्या मात्र टिकल्या.

तेच तुम्ही वर्गात आणलंत. एका वर्गावर दोन मास्तर, आणि तेही भांडणारे. पुण्या-मुंबईची पोरं आधी घाबरायची. त्यांना वाटायचं, हे दोघं आता खरंच उठून जाणार. मी फळ्यावर तक्ता मांडायची, खर्च किती, फायदा कुणाला, आणि तुम्ही शेवटच्या बाकावरून विचारायचात, "ह्यानं कोण चिडेल?" तुमच्या परीक्षेतही तोच प्रश्न. धोरण एका वाक्यात लिहा आणि त्यानं कोण चिडेल ते पानभर लिहा. कुणीच चिडणार नाही असं एकानं लिहिलं तर त्याला तुम्ही शून्य दिलंत. तो रडत माझ्याकडे आला. मी मार्क द्यायला कंजूष म्हणून ओळखली जाणारी, पण तुमच्याकडे जाऊन त्याच्यासाठी भांडले, आणि तुम्ही आनंदानं मार्क वाढवलेत. म्हणालात, "चला, एक तरी चिडलं."

एक गोष्ट मी तुम्हाला कधी बोलून दाखवली नाही. आई दवाखान्यात होती तेव्हा माझे तास तुम्ही घेतलेत. मी परत आले तेव्हा मला वाटलं होतं, आता महिनाभर पोरांच्या डोक्यात तुमचंच सगळं भरलं असणार, ते उपसायला मला दिवाळी उजाडेल. पोरं म्हणाली, नाही मॅडम, सर तुमच्या बाजूनं शिकवत होते. रोज तुमच्या जागी उभं राहून तुमचे मुद्दे मांडायचे आणि आम्हाला सरांच्या बाजूनं भांडायला लावायचे. आम्हाला एकदाही जिंकू दिलं नाही. मी खोलीत आले, तुम्ही भाकरीचा डबा उघडून बसला होतात, आणि मी तुम्हाला काय म्हणाले असेन? म्हणाले, खर्डा आज फार तिखट झालाय. आभार मानायचे राहिले. आता मानते. ऐकू येत असो वा नसो.

आता टेपवाडीबद्दल बोलू, कारण ते संपलेलं नाही.

वेल्ह्यापासून आत, खिंडीच्या पलीकडे टेपवाडी. तिथं संध्याकाळी एसटी जाते, रात्री देवळापाशी मुक्काम करते आणि सकाळी पोरांना शाळेसाठी वेल्ह्याला घेऊन येते. ही मुक्कामी गाडी ठेवावी का, हा आपला विषय. मी आणि पोरांनी त्या गाडीत बसून मोजणी केली. गाडीत माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. चालक-वाहक रात्री डास मारत पडलेले. त्याऐवजी त्याच पैशात लहान गाडी दुपारीसुद्धा सोडता येते, स्थानिक जीपवाल्याला कंत्राट देऊन. दवाखान्याचं काम, तहसीलचं काम, बाजार, सगळं दुपारपर्यंत उरकतं, आणि मग बायाबापड्या संध्याकाळच्या एसटीची वाट बघत वेल्ह्याच्या स्टँडवर बसून राहतात. माझी शिफारस सरळ होती. मुक्कामी गाडी थांबवा, लहान गाडी सकाळ-दुपार चालवा.

तुम्ही हट्टाला पेटलात. मुक्कामी गाडी राहिलीच पाहिजे. मी म्हटलं, हा अभ्यास आहे की माहेरची ओढ? कारण ती एसटी तुमच्या गावावरून पुढे जाते आणि तिच्यातच बसून तुम्ही शाळा शिकलात, हे सगळ्या संस्थेला तोंडपाठ आहे. तुम्ही नेहमीसारखे हसला नाहीत. म्हणालात, "बाई, जीपवाला लग्नसराईत गाडी वऱ्हाडाला लावील. पोरी फाट्यावर हुब्या ऱ्हातील. कुनाला विचारायचं? एसटी न्हाई आली तर आगारापुढं जाऊन बसता येतं. जीपवाल्यावर मोर्चा काढता येतो व्हय?"

मी म्हटलं, करारात अट घाला.

"अट कोन वाचतंय टेपवाडीत?"

मी म्हटलं, दोन-तीन पोरींसाठी अख्खी एसटी?

"त्या दोन-तीनच ऱ्हायल्या म्हनून तर. आईबाप पोरीला एसटीत बसवत्यात, कारन गाडीत कंडक्टर आसतो, लोकं आसत्यात. जीपमदी न्हाई बसवायचे. तुमच्या तक्त्यात ह्ये कुठं हाय?"

तक्त्यात नव्हतं, हे खरं आहे. पण संध्याकाळपर्यंत स्टँडवर बसून राहिलेली बाई तुमच्या म्हणण्यात कुठं होती? महिनाभर आपण एवढंच करत होतो. बाकीचा अहवाल तयार, शेवटचं पान कोरं. आपल्या इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. नेहमी कुणीतरी एक जण गावात वाचन होईपर्यंत तरी नमतं घ्यायचा. त्या शुक्रवारी मी म्हणाले, "तुम्हाला आकडे नको असतात, तुम्हाला फक्त गाव हवं असतं." तुम्ही चष्मा पुसलात, डबा पिशवीत घातलात आणि म्हणालात, "सोमवारी बगू." ते वाक्य मी मागे घेत नाही, दिनकरराव. मला अजूनही ते खरं वाटतं. फक्त ते आपल्यातलं शेवटचं असायला नको होतं.

रविवारी तुमच्या गावाहून पुतण्याचा फोन आला, सुट्टीला तुम्ही तिथंच गेला होतात. सकाळी अंगणात पाणी तापवत होते, तिथंच बसले ते उठलेच नाहीत, म्हणाला. मी "बरं" म्हणाले. तुमच्या गावी पोचले तेव्हा नदीकाठी माणूसच माणूस. भावकी पुढे, गाव त्यामागे, संस्थेतली मंडळी बाजूला छत्रीच्या सावलीत. मला कुठं उभं राहायचं कळेना. बायकांत उभी राहिले तर त्या विचारत होत्या, तुमी कोन त्यांच्या? मी म्हणाले, आम्ही एका खोलीत बसायचो. किती खुळ्यासारखं वाटलं ते ऐकायला. पण याहून नेमकं काय सांगायचं होतं?

शालिनीवहिनींना भेटायला नसरापूरच्या घरी गेले ते नंतर, घरातली गर्दी ओसरल्यावर. तुम्ही घरी माझ्याबद्दल काय बोलत असाल याची मला धास्तीच होती. वहिनी चहा ठेवायला उठल्या, मी नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. मग समोर बसून म्हणाल्या, "ताई, ते तुमच्यासंगं भांडून यायचे ना, म्हनून घरी कदी आवाज चढवला न्हाई. लोकं म्हनायची, लई शांत मानूस. मला ठाव होतं, सगळं तिकडं सांडून येत्यात." आणि हसल्या. मग आम्ही दोघी रडलो. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा तिथं रडले, तुमच्या बायकोपुढे. तिनंच मला पाणी दिलं. उलटं व्हायला हवं होतं.

त्यानंतर वर्ग. मी फळ्यावर तक्ता मांडला, खर्च, फायदा, आणि सवयीनं थांबले. शेवटच्या बाकाकडून काहीच आलं नाही. पोरांना वाटलं, मॅडमना भरून आलं. एक जण पाण्याची बाटली घेऊन पुढे आली. मला भरून-बिरून काही आलं नव्हतं, मी फक्त तुमच्या बोलण्यासाठी जागा सोडली होती. मी म्हटलं, कुणाला काही विरोध? कुणालाच नव्हता. मी मुद्दाम एक चुकीचं वाक्य बोलले. तेही सगळ्यांनी लिहून घेतलं. सध्या माझ्याशी सगळे सहमत आहेत, दिनकरराव. संचालक सहमत, सहकारी सहमत, पोरं सहमत. जो तो हळू आवाजात बोलतो आणि मान डोलावतो. इतकं एकटं मला जन्मात वाटलं नव्हतं.

आणि मग संचालकांनी बोलावलं. टेपवाडीचा अहवाल आता बाहेर पडला पाहिजे, म्हणाले. पहिल्या पानावर सरांचा फोटो घालू, नाव सरांचं आधी, तुमचं नंतर. शेवटचं पान तुमच्याकडे तयार आहेच की. मी म्हटलं, त्या पानाला त्यांचा विरोध होता. ते म्हणाले, आता कुठला विरोध? त्यांना श्रद्धांजली म्हणून बघा.

म्हणजे बघा. जे तुम्हाला जिवंतपणी मान्य नव्हतं ते मेल्यावर तुमच्या नावावर छापायचं आणि वर हार घालायचा. मी म्हटलं, आधी गावात वाचते. तो नियम आहे. त्यांनी मान डोलावली, अर्थातच.

टेपवाडीला मी संस्थेच्या गाडीनं गेले, केतकी बरोबर होती. आपल्या वर्गातली, कमी बोलणारी, चष्मेवाली. भात झोडणी चालू होती, तरी दुपारी शाळेच्या व्हरांड्यात पुष्कळ माणसं जमली. तुमच्यासाठी जमली. गावातल्या म्हाताऱ्या हौसाबाईंनी आधी तुमची चौकशी केली, म्हणजे कसं झालं, काय झालं, त्रास झाला का. मग मी उभी राहून वाचायला लागले. पहिलं पान झालं, दुसरं झालं. घोंगडीवरून कुणी काही बोललं नाही. मी शेवटच्या पानाशी आले, मुक्कामी गाडी थांबवावी, लहान गाडी सुरू करावी, हे वाचलं, आणि थांबले.

"बराबर हाय," एक जण म्हणाला.

"आक्शी बराबर," दुसरा.

हौसाबाईंनी पदरानं डोळे पुसले. म्हणाल्या, "सरांनी लिवलंय ना? मग आमी काय नाव ठेवायचं. त्यांनी आमचं कदी वंगाळ चिंतलं न्हाई."

तुमच्या मुक्कामी गाडीला अख्खं गाव तुमच्याच प्रेमाखातर निरोप देत होतं. मी तिथं गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. अहवाल गावानं मान्य केला, दोघांच्या नावानं छापला, झालं. संचालक खूश, गाव खूश, आणि माझं म्हणणं जिंकलं असतं.

मी म्हटलं, "हे सरांनी लिहिलेलं नाही. हे मी लिहिलंय. सर याच्या विरुद्ध होते."

अळीमिळी गुपचिळी. आता तर कुणीच काही बोलेना, कारण जिवंत पाहुणीला दुखवायचं की गेलेल्या माणसाला, असा पेच पडला. मला एकच सुचलं. मी कागद केतकीच्या हातात दिले आणि म्हणाले, तू उभी राहून वाच. आणि मी जाऊन घोंगडीवर बसले, हौसाबाईंच्या शेजारी. ती पोरगी शेवटचं पान पुन्हा वाचायला लागली, आणि मी मध्येच बोलले, "ह्या बाईंना काय कळतंय? लग्नसराईत जीपवाला गाडी वऱ्हाडाला लावील तेव्हा पोरी फाट्यावर उभ्या राहतील. जीपवाल्यावर मोर्चा काढता येतो का?"

तुमच्यासारखं नाही जमलं. मला तो आवाज नाही, ती मांडी घालून बसायची ऐट नाही. पण मी थांबले नाही. तुमचा एकेक मुद्दा काढला. कंडक्टर, पोरींचे एसटीचे मोफत पास, आगारापुढे बसायचा हक्क. तुमच्याशी भांडून भांडून ते मला तुमच्याइतकेच पाठ झाले होते. आणि सांगते, तुमच्या बाजूनं बोलताना ते मला पटत होते. हौसाबाई मान हलवत होत्या. "व्हय बाई, मुक्कामी गाडी गेली म्हंजे गावची रयाच गेली."

तेव्हा मागून मनीषा बोलली. ती हौसाबाईंच्या दिराची सून, कडेवर पोर. आधी घुटमळली. मग म्हणाली, "आत्याबाई, रागावू नगा. पन तुमी त्या गाडीत चडता का कदी?" लोक हसले. ती मात्र हसली नाही. "सासूबाईंची साखर तपासायला मी वेल्ह्याला जाती. काम उरकतं दुपारच्या आत. मग दिवस मावळस्तवर स्टँडावर बसायचं. पोर रडतंय, म्हातारीला धड जेवान न्हाई. सर लई चांगले हुते. पन सर त्या स्टँडावर बसले न्हाईत. आमाला दुपारची गाडी पायजे. कुनाची बी आसू द्या."

मी म्हटलं, आणि पोरींचं काय? जीपमध्ये बसवशील तुझ्या पोरीला?

"सगळ्या संगं आसतील तर बसवीन. न बसवून करती काय?"

मी आणखी भांडले. खरंच भांडले, दिनकरराव, हातचं राखून नाही. पण मनीषाच्या मागून दुसरी बोलली, मग तिसरी, मग एक बाप्या म्हणाला, खतासाठी आमालाबी दुपारची बरी. दंगा झाला, आपल्या वेळी व्हायचा तसा. केतकी लिहून घेताना दमली. हौसाबाई आणि दोन म्हातारे शेवटपर्यंत तुमच्या बाजूनं राहिले, मीही राहिले. बाकी गाव माझ्या बाजूचं निघालं. मी जिंकले, आणि ते मला तुमच्या जागेवर बसून बघावं लागलं. पूर्वी तुमच्याकडून हरले की मी दिवसभर धुसफुसायची, पण त्या दुपारी जिंकून जेवढं वाईट वाटलं तेवढं हरून कधी वाटलं नाही.

परतताना तोरणा डावीकडे ठेवून गाडी उतरत होती. केतकीनं विचारलं, मॅडम, सरांनी आता मान्य केलं असतं का? मी म्हटलं, मुळीच नाही. त्यांनी सांगितलं असतं, गावाला आज दुपारची गाडी दिसते, पाच वर्षांनी जीप बंद पडल्यावर बघा. ती म्हणाली, पण मग बरोबर कोण? मी म्हटलं, ते मला माहीत असतं तर मी त्यांच्याशी इतकी वर्षं कशाला भांडले असते.

म्हणून असं केलंय. शेवटच्या पानावर शिफारस माझी, आणि त्याखाली माझ्या एकटीचं नाव. त्यापुढच्या पानावर तुमचा विरोध, तुमच्या नावानं. तुम्ही जे जे म्हणाला होतात ते सगळं, तुमच्या क्रमानं, कुठेही पातळ न करता. वहिनींना फोन करून आधी विचारलं, चालेल का? त्या म्हणाल्या, "लिवा की. न्हाईतर लोकं म्हनतील, मेल्यावर गप झाले." संचालकांना ते रुचलं नाही. गेलेल्या माणसाचं मतभेदाचं पान छापायची पद्धत नाही, म्हणाले. मी म्हटलं, आडवं बोलायची त्यांची पद्धत होती. बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी ते चिडले, आणि मला फार दिवसांनी बरं वाटलं.

परवा मुद्रितं आली. संचालकांनी तुमचं पान वाचलं आणि म्हणाले, हे फार जोरकस झालंय, याच्यापुढे तुमची शिफारस लंगडी दिसते. याला तुमचं उत्तर असेलच ना, ते खाली घाला. मी नाही म्हटलं. त्यांना वाटलं, मला सुचलं नाही.

उत्तर आहे माझ्याकडे, दिनकरराव, आणि बिनतोड आहे. पण ते छापलं की आपला वाद संपला, म्हणून नाही लिहिलं.